नाशिकजवळ चार दिवस नुसतं चालायचंय आणि सायकल चालवायचीय. किल्ला नको, नवस नको. जमेल का?

पायपीट | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, दिवाळीनंतरचे चार दिवस हाताशी आहेत. घरात चार डोकी: मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई, वय ६४. नवरा आणि मुलगा सायकलवाले. आईला सायकल येत नाही आणि घाटात गाडीत बसलं की मळमळतं, पण चालायला उभी राहिली की आम्ही मागे पडतो. मी दोन्हींच्या काठावर.

हवंय ते एवढंच. सकाळी एका गावातून निघायचं, दुपारी कुठेतरी भाकरी खायची, संध्याकाळी दुसऱ्या गावी पाठ टेकायची. सायकलवाल्यांनी लांबून यावं, चालणाऱ्यांनी जवळून. सामान कुणीतरी पुढे नेऊन टाकावं.

हे ज्याला सांगते तो विचारतो, "पण जाणार कुठे?" त्र्यंबकची फेरी म्हटलं की कळतं. वणीला पायी म्हटलं की कळतं. हरिहर किल्ला म्हटलं की समोरचा मोबाईल काढून पायऱ्यांचे फोटोच दाखवतो. आपल्याकडे चालायचं म्हणजे गाठीला पुण्य तरी पडायला हवं नाहीतर पराक्रम तरी. उगाच चालणाऱ्याची लोकांना काळजी वाटते. मागच्या महिन्यात गंगापूर गावाच्या पुढे एकटी चालत होते, तर तीन जणांनी गाड्या थांबवल्या. "ताई, गाडी बंद पडली का?"

ढोबळ बेत: नाशिक, गिरणारे, काश्यपी धरणाच्या बाजूने त्र्यंबक, तिथून पहिने, वैतरणा, घोटी. घोटीहून एसटीने घरी. वाटेत मुलाला द्राक्षं तोडायचीत. कुणी असं केलंय का? मुक्कामाचं काय?

तर्री | १४ सप्टेंबर, रात्री ९:५२

पहिल्या दिवसाचा नाश्ता मखमलाबाद रस्त्याला, चुलीवरची मिसळ. पुढचे साडेतीन दिवस तुम्ही ठरवा.

निफाडचा गारठा | १४ सप्टेंबर, रात्री १०:३०

ताई, दिवाळीत द्राक्षं कुठून आणू तुमच्या लेकाला?

नाशिकमध्ये राहून असं विचारताय म्हणून सविस्तर सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यावर काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यावर माल येतो. तोडणी जानेवारी ते मार्च, कुणाची थोडी पुढे. दिवाळीनंतर तुम्ही याल तेव्हा कुणाची बाग पोंग्यात (नुकती फुटत) असेल, कुणाची फुलोऱ्यात. त्या दिवसांत आम्ही डावण्या आणि भुरी या रोगांच्या भीतीने अर्धे झालेलो असतो. पहाटेपासून ट्रॅक्टरवर ब्लोअर लावून फवारणी चालू. तुम्हाला रस्त्यावरून ते छान धुकं वाटेल. ते औषध असतं. ब्लोअरचा आवाज आला की सायकल वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबवा आणि पोराला श्वास भरून "काय मस्त हवा" म्हणू देऊ नका.

आणि विचारल्याशिवाय बागेत शिरू नका. निर्यातीच्या बागेचा प्लॉट नोंदलेला असतो, मालात औषधाचा अंश किती ते तपासतात, त्यामुळे अनोळखी माणूस ओळीत दिसला की आमचं डोकं फिरतं. फेब्रुवारीत या, मीच तोडायला देतो.

दगडफूल | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

"किल्ला नको" हे वाचून जरा दुखलं. नाशिक जिल्ह्याइतके किल्ले कुणाकडे आहेत? साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. सातमाळा रांगेत अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, इंद्राई असे ओळीने उभे आहेत. चार दिवसांत यातले पाच सहज होतील. आईंना पायथ्याच्या गावात बसवा, गप्पा मारतील.

पायपीट | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

@निफाडचा गारठा, लाजले. लग्न होऊन इथे आले, पंधरा वर्षं द्राक्षं खातेय आणि कधी लागतात हे विचारलंच नाही.

@दगडफूल, "चार दिवसांत पाच सहज होतील" याच वाक्यापासून मी पळतेय. आणि आई पायथ्याला बसणार नाही, तुमच्या पुढे जाईल.

कोथरूडहून | १५ सप्टेंबर, सकाळी ९:००

आमच्याकडे मुळशी-ताम्हिणीला हे सगळं केव्हापासून आहे.

तर्री | १५ सप्टेंबर, सकाळी ९:०३

तिकडच्या मिसळीत फरसाण की पोहे, एवढं सांगा आणि मग बोला.

चक्रधर | १५ सप्टेंबर, दुपारी १:२०

सायकलच्या बाजूचं मी सांगतो. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळ बांधलेली लांब सायकल राइड, साडेतेरा तासांत संपवावी लागते, त्यामुळे चार दिवसांत शंभर-सव्वाशे किलोमीटर ऐकून आधी हसू आलं. मग माझ्याकडच्या राइडचे फोटो काढून पाहिले. वाघेऱ्याच्या घाटातून मी बारा वेळा गेलोय, आणि बाराही फोटोंत समोर पुढच्याचं मागचं चाक.

या शहराला सायकलचं वेड नवं नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. आषाढीआधी इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. पण सगळं वेड अंतराचं आणि वेळेचं. रमतगमत जाणाऱ्याला आमच्यात "आज तब्येत बरी नाही का" विचारतात.

आता कामाचं. तेरा वर्षांच्या मुलाला दिवसाला तीस-पस्तीसच्या वर नेऊ नका, चढ धरून. नाशिक-त्र्यंबक मुख्य रस्ता टाळा. अंतर तीसेकच किलोमीटर आहे, पण यात्रेकरूंच्या गाड्या आणि सिंहस्थ तोंडावर आल्याने चाललेली कामं. गिरणाऱ्याकडून आतून जा. गिरणारे सतरा-अठरा किलोमीटर, पहिल्या दिवशी तेवढंच ठेवा.

ट्यूबचा व्हॉल्व्ह पातळ आहे की मोटारसायकलसारखा जाड, हे आजच बघा. पातळ असेल तर खेड्यातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. पितळेचं छोटं कनेक्टर मिळतं, किंमत किरकोळ, ते खिशात हवंच. दोन ट्यूबा, पॅच, लिव्हर, हातपंप. बाभळीचा काटा निघाला तरी टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं, नाहीतर तुटकं टोक आत राहतं आणि दहा मिनिटांत परत हवा जाते. उतारावर ब्रेक सलग दाबून ठेवायचा नाही, दाबा-सोडा करायचं. हे मुलाला गंगापूर रस्त्यावरच शिकवा, घाटात नको.

रानजाई | १५ सप्टेंबर, रात्री ८:४५

मुक्कामाच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, कारण इथले बहुतेक जण रात्री घरी येतात.

मी एकटी आणि कधी मैत्रिणीबरोबर या पट्ट्यात सायकल चालवते. धरणांच्या काठाला राहायला आहे, पण ते गाडीने येणाऱ्यांसाठी, आणि शनिवारी रात्री स्पीकर. एका ठिकाणी, नाव घेत नाही, सायकल खोलीत घेऊ दिली नाही, पार्किंगलाही नको म्हणाले, "शोभा जाते". पावसात भिजलेली सायकल जनरेटरशेजारी बांधून झोपले. त्र्यंबकला भक्तनिवास, धर्मशाळा, लॉज भरपूर, फक्त सोमवार आणि सणवार टाळा. मधल्या गावांत ओळखीशिवाय खोली मिळणं कठीण. ओळख काढायची तर आधी एकदा जाऊन यावं लागतं, फोनवर होत नाही.

बायकांची खरी अडचण वाघ-बिबट्या नाही, संडास आहे. पेट्रोल पंप आणि एसटी स्टँड यांच्यामध्ये वीस-वीस किलोमीटर काही नसतं. आम्ही शाळा हेरून ठेवतो. दुपारी शाळा चालू असेल तर बाई कधी नाही म्हणत नाहीत, वर चहा विचारतात.

बिबट्याचं म्हणाल तर आहेच. निफाड-दिंडोरीत उसात असतोच, इकडेही दिसतो. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं आणि पहाटे अंधारात निघायचं नाही. कुत्र्यांसाठी मात्र सायकलवरून उतरून चालत जा. चालणाऱ्या माणसात त्यांना फार रस नसतो.

निफाडचा गारठा | १५ सप्टेंबर, रात्री ९:१०

आमच्याकडे बिबट्या सरपंचापेक्षा जास्त वेळा दिसतो.

जुना जाणता | १६ सप्टेंबर, सकाळी ६:३०

पायपीटताई, तुमचं पुण्य-पराक्रमाचं वाक्य वाचायला छान आहे, पण अर्धं खरं आहे.

मी मालेगावकडचा. लहानपणी चैत्रात आई, आत्या, शेजारच्या काकू यांच्याबरोबर वणीच्या गडाला पायी जायचो. खानदेशातून माणसांची रांग लागलेली. ऊन म्हणजे काय ते विचारू नका, म्हणून चाल रात्रीची आणि पहाटेची. दुपारभर आंब्याखाली पडून राहायचं. आमच्या आत्याला एरवी उंबऱ्याबाहेर उभं राहायला वेळ नव्हता. त्या चार दिवसांत ती गाणी म्हणायची, विड्या ओढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नकला करायची, गडाच्या पायथ्याला नांदुरीला पोहोचेपर्यंत आवाज बसलेला असायचा. सासूला "सुट्टीवर जाते" म्हणाली असती तर पाठवली असती का? देवीचं नाव पुढे केलं की कुणाची हिंमत नाही अडवायची. पुण्य हे तिचं तिकीट होतं, प्रवास तिचा स्वतःचा.

आता वाटेवर डीजे वाजतो आणि मंडळांचे फुकट ताक-खिचडीचे मांडव लागतात. ताक चांगलं असतं, तक्रार नाही. २०१८ पासून गडावर चढायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. माझ्या गुडघ्यांनी तिचं मनापासून स्वागत केलं.

सांगायचं एवढंच, की त्र्यंबकची फेरी सोडू नका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखांनी लोक असतात, तेव्हा नको. कार्तिकात कुणी नसतं. वीसेक किलोमीटर, पहिने, धाडोशी, गणपतबारी करत ब्रह्मगिरीला वळसा. डोंगर उजव्या हाताला ठेवून तुम्ही नुसतं चालत राहा. पुण्य नको असेल तर वाटेत टाकून या, उचलणारे आहेत.

रानजाई | १६ सप्टेंबर, सकाळी ८:००

काका, आत्याबाईंसाठी वेगळा धागा काढाच.

पायपीट | १६ सप्टेंबर, सकाळी ८:२५

वाक्य मागे घेते. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मग? आम्ही काय वेडे होतो का उगाच चालायला?"

दगडफूल | १६ सप्टेंबर, सकाळी १०:४०

फेरीत ब्रह्मगिरी उजवीकडे, मग पलीकडे हरिहर आणि बसगड दिसतीलच. फक्त पाहा. चढू नका. मी काही म्हणत नाही.

हरसूलवाला | १७ सप्टेंबर, रात्री १०:१५

बरेच दिवस वाचतो, आज पहिल्यांदा लिहितो. मी हरसूलच्या बाजूच्या पाड्यावरचा. शाळेत शिकवतो.

तुम्ही ज्या रस्त्याला निसर्गरम्य म्हणता तो आमचा मजुरीचा रस्ता आहे. छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं गिरणाऱ्यात येतात. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, बागायतदार येतो, रोज ठरतो, पिकअपमध्ये चढायचं. दिवाळीनंतर तुम्ही सकाळी तिथून सायकल घेऊन जाल तेव्हा तीच गर्दी असेल. फोटो काढू नका. माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप असतात त्यात.

चालण्याचं म्हणाल तर आमच्या बाया मार्च ते जून पाण्यासाठी चालतात. सावरपाड्याची कविता राऊत याच भागातली, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक. ती शाळेला आणि पाण्याला पळत जायची, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. आमच्या पोरांनाही पळायला आवडतं, पण बूट मिळाले तर.

राग म्हणून लिहिलं नाही. यायचं तर या, आम्हाला माणसं आवडतात. फक्त अचानक येऊन "काहीतरी गावरान द्या" म्हणू नका. त्या दिवसांत भाताची, नागलीची (नाचणीची) कापणी चालू असते, घरी म्हातारी आणि लहान पोर एवढंच. आदल्या दिवशी सांगितलं तर नागलीची भाकर, उडदाचं भुजं, मिरचीचा ठेचा मिळेल. पैसे विचारायला लाजू नका, द्यायलाही लाजू नका. शहरात मिसळीला जेवढे देता तेवढे तरी द्या. पोरांना चॉकलेटं वाटू नका, दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर उभी राहतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलात तर खुरासणी पिवळी फुललेली दिसते. दिवाळीनंतर संपते. दोन्ही एकदम मिळत नाही.

चक्रधर | १७ सप्टेंबर, रात्री १०:५०

सर, बुटांचं जरा वेगळं बोलू. व्यक्तिगत निरोप पाठवतोय. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या घरी दोन-दोन जोड पडलेत.

हरसूलवाला | १८ सप्टेंबर, सकाळी ६:०५

मापं आधी पाठवतो. मागे एकांनी सगळे दहा नंबरचे दिले होते.

तर्री | १८ सप्टेंबर, सकाळी ९:३०

"शहरात मिसळीला जेवढे देता तेवढे" हे मला उद्देशून होतं असं गृहीत धरतो. भुज्यावर तर्री असते का?

हरसूलवाला | १८ सप्टेंबर, रात्री ९:००

नसते. लागतही नाही.

कोथरूडहून | १९ सप्टेंबर, दुपारी ४:००

मुळशीला पण बिबट्या आहे.

*(मधले काही प्रतिसाद सायकलच्या सीटवर गादी लावावी की नाही यावर घसरले. निष्कर्ष नाही.)*

पायपीट | २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. जाऊन आलो.

पहिला दिवस चक्रधर यांनी सांगितला तसाच ठेवला, गिरणाऱ्यापर्यंत. आई आणि मी पहिला टप्पा सिटी बसने टाकला, पुढे चाललो. सायकलवाले मखमलाबादला थांबले होते (तर्री, तुमची शिफारस पोराने दोन प्लेटी खाऊन मान्य केली). ब्लोअर तीन ठिकाणी लागला, तीनदा थांबलो. सकाळी नाक्यावर फोन खिशातच ठेवला. तिथल्या एक बाई आईला म्हणाल्या, "आजी, तुम्ही पण कामाला?" आईने वय सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी बी तेवढीच." पुढचे दोन तास आई बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी फसलो. नकाशात काश्यपीच्या कडेने एक पायवाट दिसत होती, चालणाऱ्यांना चांगली जवळची. वाट खरंच होती. पाण्याखाली. पाणी उतरलं की मे महिन्यात ती उघडी पडते म्हणे, नोव्हेंबरात धरण भरलेलं. गुरं राखणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला पाण्याकडे बघत उभं राहिलेलं बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "पोहायला येतं का?" मागे फिरून सात किलोमीटर जास्त पडले. शेवटी काळी-पिवळी जीप केली. आईला मळमळलं. सगळा दोष माझा.

त्याच जीपवाल्याने मग पुढचे दोन दिवस सामान पोहोचवलं, हा त्यातला फायदा. सामानवाहू माणूस शोधायला मी महिनाभर फोन करत होते, तो असा सापडला. पहिल्या दिवशी त्याला पटतच नव्हतं: "बॅगा नेतो, मग माणसं का नाही नेत?" तिसऱ्या दिवशी तो आमच्याबरोबर दोन किलोमीटर चालला, परत गेला आणि जीप घेऊन आला.

फेरी केली. काका, कार्तिकात कुणी नसतं हे अगदी खरं. पहिन्याच्या पुढे भात कापलेला, खाचरात बगळे, आणि ब्रह्मगिरी दिवसभर रंग बदलत बाजूला. आई पुढे, मी मागे. सायकलवाल्यांनी तो दिवस मुख्य रस्त्याने वैतरणेकडे जाऊन यायचं ठरवलं होतं. मुलाला दोन पंक्चर. पहिलं नवऱ्याने काढलं. दुसरं दहा मिनिटांत झालं, कारण टायरमधून बोट फिरवलं नव्हतं. दुसरं मुलाने काढलं, बापाला हात लावू दिला नाही.

हरसूलवाले सरांच्या पाड्यापर्यंत मात्र जाणं झालं नाही. काश्यपीने दिवस खाल्ला. भुजं राहिलं.

खर्च: चौघांचा चार दिवसांचा सगळा मिळून एका रिसॉर्टच्या दोन रात्रींपेक्षा कमी. सर्वांत महाग पडली ती जीप.

आणि लिफ्ट. मोजलं. अकरा जणांनी विचारलं. शेवटच्या दिवशी घोटीच्या अलीकडे बाराव्याने गवताच्या ट्रॅक्टरवर बसता का विचारलं आणि मी नको म्हणेपर्यंत आई वर चढलेली होती. गवतावर मळमळत नाही, असा शोध लागला.

जुना जाणता | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

आईंना नमस्कार सांगा. आत्याही शेवटच्या टप्प्याला बैलगाडीत बसायची आणि गावात शिरताना उतरायची.

दगडफूल | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

हरिहर दिसला का?

पायपीट | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

दिसला. मुलगा म्हणाला, त्यावर चढूया. तुमचा नंबर देणार आहे त्याला.

हरसूलवाला | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बूट मिळाले, सत्तावीस जोड. मापाचे. भुजं कुठे जात नाही, पुढच्या वेळी या.

निफाडचा गारठा | २२ नोव्हेंबर, रात्री १०:००

ताई, फेब्रुवारीचं विसरू नका. पहिले दोन किलो मुलाला तोडायला फुकट, पुढचे विकत. थंडीचे कपडे आणा, डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा कुठवर उतरतो ते पेपरात वाचता ना? आणि आलातच तर नांदूरमध्यमेश्वर बघा. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली राज्यातली पहिली जागा आहे. थंडीत बाहेरून आलेली बदकं, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो).

पायपीट | २२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नक्की. आई विचारतेय, तुमच्या बागेपासून तिथपर्यंत चालत किती?

निफाडचा गारठा | २२ नोव्हेंबर, रात्री १०:२२

चालत कशाला, गाडी आहे ना माझी.